साफ्ता काकूंचं कोबीचं पिंप

१

बुखारेस्टला खेटून असलेल्या वार्झारीत सकाळी आरडाओरडा झाला की खुशाल समजावं, कुणीतरी दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली आहे. त्यापलीकडे भांडण्यासारखं या गावात कुणाकडे काही उरलंच नव्हतं. म्हणून शनिवारी खिडकीखाली गलका झाला तेव्हा झेनोविया द्रागुलिनने आधी कॉफी संपवली, मग चष्मा शोधला आणि मग खाली पाहिलं.

साफ्ता काकूंच्या फाटकाशी अख्खी इमारत लोटली होती.

झेनोवियाने बुखारेस्टच्या पोलिसांत, चोऱ्यामाऱ्यांच्या खात्यात, उभी हयात घालवली होती. निवृत्तीनंतर ती लेकीने हप्त्यांवर घेतलेल्या या चौथ्या मजल्यावरच्या घरात येऊन राहिली, आणि आल्या दिवसापासून तिला या वस्तीचा मनापासून तिटकारा होता. कालपरवापर्यंत इथे कोबीची शेतं होती. आता कोबीच्या जागी इमारती उगवल्या होत्या आणि बिल्डरने त्यांना 'हरित स्वर्ग' असं नाव दिलं होतं. हिरवं म्हणाल तर प्रत्येक जिन्यात एक प्लास्टिकचं झाड, बस्स. माणसं मोल्दोवातून आली, तुर्कस्तानातून आली, नेपाळातून आली. सकाळी बसमध्ये कोंबून शहरात जायची, रात्री झोपायला परत यायची, आणि लिफ्टमध्ये कुणाशी बोलावं लागू नये म्हणून फोनमध्ये तोंड खुपसून उभी राहायची. शेजारी मेला तर यांना वास आल्यावर कळलं असतं, असं झेनोविया लेकीला रोज ऐकवायची.

या सगळ्या इमारतींच्या मधोमध एकच जुनं बैठं घर शिल्लक होतं. ते साफ्ता काकूंचं. अंगणात कोंबड्या, मागे एक खोली, आणि त्या खोलीत भाड्याने राहणारा एक नेपाळी गवंडी. बिल्डरने जागा मागितली की काकू त्याला फाटकातूनच शिव्या घालून परत पाठवायच्या. वार्झारीत झेनोवियाला आवडणारं तेवढं एकच माणूस होतं. आणि ते माणूस बुधवारपासून बेपत्ता होतं.

झेनोविया खाली पोचली तेव्हा हवालदार पिन्तिलिये त्या नेपाळ्याच्या दंडाला धरून उभा होता. समोर जमिनीवर एक गाठोडं सोडून ठेवलं होतं.

"पकडला, बाईसाहेब!" पिन्तिलिये म्हणाला. तो एकेकाळी झेनोवियाच्या हाताखाली उमेदवारी करत होता आणि अजूनही तिला बघितलं की सदऱ्याचं बटण लावायचा. "उजाडताना घरातून गाठोडं घेऊन निघाला होता. कामेलिया मॅडमनी बाल्कनीतून पाहिलं. सगळं काकूंचंच आहे. म्हातारीला मारलं, कुठेतरी टाकलं, आणि आता घर धुऊन नेतोय."

"माझी आई!" काकूंचा मुलगा टिबेरिउ फाटकाला धरून गळा काढत होता. "तिला शोधा हो! ती जिवंत आहे, माझं मन मला सांगतंय!"

टिबेरिउ शहरात राहायचा. ईस्टरला लाल अंडी खायला येऊन जायचा, आणि एरवी आईच्या मनात काय आहे याची त्याच्या मनाला कधी खबर नसायची. झेनोवियाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती गाठोड्याशी वाकली.

घरात घालायच्या लोकरीच्या सपाता. एक चष्मा, दांडीला दोरा बांधलेला. रक्तदाबाच्या गोळ्या. एक जुनी शाल.

"टीव्ही?" तिने विचारलं.

"आत आहे. सगळं जागच्या जागी आहे," पिन्तिलिये म्हणाला. "चांदीच्या पत्र्याची ती देवाची तसबीरसुद्धा भिंतीवरच आहे. त्याला वेळ मिळाला नाही."

"हं. आणि सपाता उचलायला बरा वेळ मिळाला."

तिने नेपाळ्याकडे पाहिलं. त्याचं नाव काजीमान महर्जन. ते नाव काकूंच्या जिभेवर काही बसेना म्हणून त्यांनी त्याचं परस्पर काझिमिर करून टाकलं होतं. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, हातांना सिमेंटच्या भेगा. तो जमिनीकडे बघत होता.

"काय रे, काकू कुठे आहेत?"

त्याने मान आणखी खाली घातली.

"सोमवारी याला शहरात पाठवतो," पिन्तिलियेने सांगितलं. "परवाना रद्द आणि थेट विमानात. मग बोलेल."

काजीने मान वर केली. त्याचा आवाज स्पष्ट होता. "मॅडम, मी सांगू शकत नाही. शपथ घेतली आहे."

गर्दीतून एकच ओरडा उठला. "कबूल झाला! ऐकलंत ना, कबूल झाला!"

२

"याला कुठेही न्यायचं नाही," झेनोवियाने बजावलं. "उद्या संध्याकाळपर्यंत इथेच, त्याच्या खोलीत बसव. बाहेर एक माणूस ठेव. पळाला तर माझं पेन्शन तुला."

"पण बाईसाहेब, कायद्याने..."

"कायदा तुला कुणी शिकवला रे?"

पिन्तिलियेने बटण लावलं.

मग झेनोवियाने एकेकाला गाठलं. पहिली कामेलिया. ही सोसायटीची अध्यक्षा. सकाळी बाल्कनीत चटईवर पाय डोक्यामागे नेण्याचा व्यायाम करायची आणि उरलेला दिवस इतरांच्या तक्रारी करण्यात घालवायची.

"मी तर पहिल्यापासून म्हणत होते," कामेलिया म्हणाली. "असल्या लोकांना भाड्याने ठेवायचं म्हणजे काय! बुधवारी संध्याकाळी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पाठीवर रजई गुंडाळून काहीतरी घेऊन चालला होता. चांगलं जड होतं. वाकून चालत होता."

"आणि तुम्ही विचारलं नाही, काय नेतोयस म्हणून?"

"मी का विचारू? माझा काय संबंध?"

"खरंय. तुमचा संबंध फक्त कोंबड्याशी."

"तो मेला पहाटे आरवतो! आणि तो वास! दरवर्षी या दिवसांत म्हातारी खारवलेल्या कोबीचं पिंप भरते. सगळा आंबूस वास माझ्या बाल्कनीत. आत्तासुद्धा येतोय, घ्या, हुंगा. मी तीनदा अर्ज दिला नगरपालिकेत." तिने नाक मुरडलं. "गेली म्हातारी याचं वाईट वाटतंच हो. पण निदान आता पिंप तरी जाईल."

झेनोवियाने हुंगलं. खरोखरच येत होता वास, मिठाचा, बडीशेपेचा आणि आंबत चाललेल्या कोबीचा. तिला तो वास आवडायचा. या बाईच्या अत्तरापेक्षा तर कितीतरी पटीने.

दुसरा पर्वू, बिल्डर. तो चकचकीत बूट चिखलापासून जपत कुंपणाबाहेरच उभा होता.

"माझं काही नाही बुवा यात," तो हात वर करून म्हणाला. "टिबेरिउ साहेबांनी महिन्यापूर्वी शब्द दिला, आई तयार आहे म्हणून. सोमवारी माझं यंत्र येणार, घर पाडणार, खड्डे काँक्रीटने भरणार. म्हातारीबाई सापडल्या तर आनंदच आहे. पण यंत्राचं भाडं दिवसावर असतं, हो."

"सापडल्या नाहीत तर?"

"तर मुलगा वारस आहेच की." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की झेनोवियाला त्याच्या बुटांवर थुंकावंसं वाटलं. पण थुंकी तरी का वाया घालवा, असं म्हणून ती आत गेली.

टिबेरिउ स्वयंपाकघरात बसला होता. भिंतीवर त्याच्या बापाचा, इलियेचा, फोटो होता. टेबलावर काकूंनी घरी गाळलेल्या आलुबुखाराच्या दारूची बाटली होती. टिबेरिउने दोन छोटे पेले भरले. बापाच्या फोटोकडे बघत दोघांनी एकेक थेंब फरशीवर सांडला, मेलेल्या माणसाच्या नावाने सांडतात तसा, आणि रिवाजाप्रमाणे पेले एकमेकांना न लावता प्यायले. टिबेरिउचा हात आपोआप वळला होता. या चार भिंतींत वाढलेलं पोर शहरात जाऊन कितीही साहेब झालं तरी हात काही विसरत नाही, असं झेनोवियाच्या मनात येऊन गेलं.

"शेवटचा कधी आलास रे आईकडे?"

"रविवारी. गुरुवारी फोन लावला, उचलला नाही. मग मीच पोलिसांना कळवलं. मुलाचं काळीज आहे हो, बाई."

"असतं बाबा, असतं." झेनोविया इकडेतिकडे बघत होती. खिडकीशेजारच्या भिंतीवर कपाटाच्या उंचीचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा होता. भांड्यांचं कपाट तिथे नव्हतं. ते कोपऱ्यात होतं, आणि त्याच्या पायांनी लिनोलियमवर ताजे ओरखडे काढले होते. "हे कपाट इथे कशाला?"

"आईनेच सरकवून घेतलं. उजेड अडायचा."

"आणि याच्या खाली तळघराचं झाकण होतं ना? काकू मला एकदा तिथून लोणचं काढून देत होत्या."

टिबेरिउने पेला खाली ठेवला. "ते तळघर कधीच मातीने भरून टाकलं. दोन उन्हाळे झाले. पाणी झिरपायचं. पोलिसांनाही सांगितलंय मी."

"अच्छा," झेनोविया म्हणाली आणि उठली. दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. तिने स्वयंपाकघरात चौफेर नजर टाकली, मग ओसरीवर, मग अंगणात. जे ती शोधत होती ते कुठेच नव्हतं.

३

"पिन्तिलिये, गाढवा," ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी राहून हळूच म्हणाली, "या घरात कोबीचं पिंप कुठे आहे?"

"कसलं पिंप?"

"वार्झारीतली म्हातारी, नोव्हेंबर महिना, आणि घरात पिंप नाही? अख्ख्या गल्लीत वास मारतोय. ती कामेलिया वासाने हैराण झाली आहे. मग ते दिसत का नाही?"

पिन्तिलियेने डोकं खाजवलं. "तळघरात असेल."

"तळघर मातीने भरलंय म्हणे. दोन उन्हाळे झाले."

पिन्तिलिये डोकं खाजवायचा थांबला. त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागायचा, पण पडायचा. "मग वास..."

"हां. मातीला कोबीचा वास येत नाही."

खुराड्यामागे, गवताखाली, लाकडी फळ्यांचं एक झाकण होतं. शेतातून आणलेले कोबीचे गड्डे इथूनच खाली सोडायचे असतात. जुन्या घरांना असतं तसं. इमारतीतल्या एकालाही हे माहीत नव्हतं, कारण त्यांना कोबी दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मिळतो. झाकणाचं कुलूप ओरबाडून काढलेलं होतं.

"कुणाला सांगू नकोस," झेनोविया म्हणाली. "त्या टिबेरिउला तर अजिबात नाही. विजेरी दे."

खाली उतरल्यावर ओलसर गारवा होता. भिंतीशी पिंप होतं, झाकणावर दगड ठेवलेला. स्वयंपाकघरातून उतरणारा जिना समोर होता, आणि त्याच्या खालच्या पायरीवर वाळलेलं रक्त होतं. पायरीशेजारी पांढऱ्या केसांचा एक पुंजका चिकटला होता.

पिन्तिलियेने छातीवर क्रूस काढला. "देवा रे! इथे मारलं तिला. आणि मग रजईत गुंडाळून पाठीवरून नेली. कामेलिया मॅडमनी बघितलं ते प्रेत होतं! बाईसाहेब, नेपाळ्यानेच..."

"मूर्खा, वर बघ."

स्वयंपाकघराच्या बाजूचं झाकण बंद होतं. पिन्तिलियेने खालून खांदा लावून ढकललं. ते तसूभरही हललं नाही. वर कपाट होतं.

"काजी या बाजूने आला," झेनोविया म्हणाली. "बाहेरून, कुलूप तोडून. ज्याने तिला पाडलं, तो वरूनच गेला आणि जाताना कपाट सरकवून गेला. कुणी? आईने उजेडासाठी सरकवून घेतलं, असं कोण म्हणालं मला?"

पिन्तिलियेचा चेहरा पडला. "पण मग नेपाळी बोलत का नाही? आणि प्रेत कुठे नेलं?"

"प्रेत!" झेनोवियाला आता खरंच राग आला. "अरे, तुझ्या डोळ्यांसमोर गाठोडं सोडून ठेवलं होतं. सपाता, चष्मा, शाल, गोळ्या. मेलेल्या बाईला वाचायला चष्मा लागतो? तिला पाय गार पडतात म्हणून सपाता लागतात? रक्तदाब चढतो तिचा? अख्खी इमारत त्या गाठोड्याकडे बघत होती. शिकलेली माणसं, इन्शुरन्सवाले, कॉम्प्युटरवाले! एकाच्याही डोक्यात आलं नाही. चोर दिसायला परदेशी असला की झालं, यांची अक्कल सुट्टीवर जाते."

"म्हणजे काकू..."

"गोळ्या खिशात घाल आणि चल लवकर. शपथ कुणी घ्यायला लावली ते आता कळेलच."

अर्धवट राहिलेल्या सातव्या इमारतीमागे काजीच्या देशाचे मजूर राहायचे ते पत्र्याचे डबे होते. 'हरित स्वर्गा'च्या जाहिरातीत ती बाजू कधी दाखवत नसत. एका डब्याच्या खिडकीला आतून रजई लावली होती. तिच्यावर मोठी लाल फुलं. काकूंची रजई.

झेनोवियाने दार वाजवलं. आतली कुजबुज थांबली. मग कडी सरकली.

४

रविवारी दुपारी झेनोवियाने साऱ्यांना साफ्ता काकूंच्या अंगणात बोलावलं. कामेलिया आली, कारण तमाशा चुकवणं तिला जमणारच नव्हतं. पर्वू आला, कारण उद्या त्याचं यंत्र येणार होतं. टिबेरिउ आला काळा कोट घालून. इमारतीतले आणखी काही बघे कुंपणाला रेलून उभे राहिले. काजीला पिन्तिलियेने खोलीतून आणलं, तेव्हा बायकांनी मुलांना मागे ओढलं.

टेबलावर काकूंची बाटली आणि छोटे पेले मांडले होते.

"चांगली बातमी आहे," झेनोविया म्हणाली. "साफ्ता काकू जिवंत आहेत."

कुंपणावरचे बघे पुढे झुकले.

"डोक्याला मार लागलाय. डॉक्टरने काल टाके घातले. शुद्धीवर आहेत, खातायत, पितायत, शिव्याही देतायत. संध्याकाळच्या आत घरी येतील."

"अगंबाई!" कामेलिया म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदाआधी कोंबड्याची आठवण येऊन गेली. "छान, छान. म्हणजे याने मारलं नाही वाटतं."

"देवाची कृपा!" टिबेरिउने क्रूस काढला. "मी म्हणालो नव्हतो? माझं मन सांगत होतं!"

"तर मग पेले उचला," झेनोविया म्हणाली. "साफ्ता काकूंच्या तब्येतीसाठी. शंभर वर्षं जगोत."

सगळ्यांनी पेले उचलले. पर्वूने कामेलियाच्या पेल्याला पेला लावला, कामेलियाने पिन्तिलियेच्या. काचांचा किणकिणाट झाला. काजीने पेल्यात करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि हवेत थेंब उडवले.

"बघा, बघा!" कामेलिया किंचाळली. "मेलेल्यासाठी सांडतोय! याला ठाऊक आहे ती मेली म्हणून! तुम्ही फसवताय आम्हाला!"

"बाई, तुम्ही रोज बाल्कनीतून त्याच्या खोलीत डोकावता," झेनोविया म्हणाली. "तो चहा पितानाही असंच करतो. आधी त्याच्या देवांना, मग स्वतःला. वर उडवतो, खाली नाही. इतकं बघता आणि एवढंही दिसत नाही?" ती वळली. "खाली सांडलं ते वेगळ्यानेच. टिबेरिउ, तुझ्या बुटाजवळ काय पडलंय?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. टिबेरिउच्या उजव्या बुटापुढे, कोरड्या विटेवर, एक ओला ठिपका होता. त्याचा पेला कुणाच्याही पेल्याला लागला नव्हता.

"हात हलला," टिबेरिउ म्हणाला.

"हलला नाही, वळला. काल बापाच्या फोटोपुढे वळला तसाच. मी आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं की तुझी आई जिवंत आहे. या कामेलियाने विश्वास ठेवला, पर्वूने ठेवला, त्यांच्यासारख्यांनीसुद्धा ठेवला. तोंडाने तूही देवाची कृपा म्हणालास. पण तुझ्या हाताने विश्वास ठेवला नाही. त्याला पक्कं माहीत होतं की साफ्ता काकू कुठल्याही डॉक्टरकडे असूच शकत नाहीत. त्या तळघरात आहेत, बुधवारपासून, कपाटाच्या खाली."

"तळघर भरलेलं..."

"तळघरात पिंप आहे, आणि पायरीवर रक्त आहे. पिन्तिलियेने बघितलंय. बुधवारी तू आलास. सही कर म्हणालास, ती नाही म्हणाली. तू ढकललंस. ती खाली पडली, हालेना. तू खाली उतरून नाडीसुद्धा बघितली नाहीस रे! झाकण लावलंस, वर कपाट ओढलंस, आणि शहरात जाऊन जेवलास. उद्या यंत्र येणार होतं, वर काँक्रीट पडणार होतं. मग कोण कुणाला शोधतंय!"

"खोटं आहे हे!" टिबेरिउ ओरडला. "माझ्या आईला इथे आणा, ती सांगेल! ती माझ्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही!"

झेनोवियाने उसासा टाकला. दुर्दैवाने तेवढं त्याचं खरं होतं. कालपासून तिला त्याचीच भीती वाटत होती.

तेवढ्यात काजीच्या खोलीचं दार उघडलं.

५

डोक्याला पांढरी पट्टी, अंगावर शाल, पायांत लोकरीच्या सपाता. साफ्ता काकू काठी टेकत अंगणात आल्या. कुंपणावरचे बघे मागे सरकले. टिबेरिउचा पेला हातातून निसटून विटांवर फुटला.

काल डब्याचं दार उघडलं तेव्हा काकू खाटेवर बसून चार नेपाळी मजुरांना त्यांच्या सूपमध्ये मीठ कमी असल्याबद्दल झापत होत्या. झेनोवियाला बघताच त्यांचा चेहरा बदलला. "मी पडले," त्या म्हणाल्या. "पाय घसरला. काझिमिरने आवाज ऐकला आणि मला काढलं. पोलिसांना कळवायचं नाही अशी शपथ मीच घातली त्याला."

"आणि कपाट?" झेनोवियाने विचारलं होतं. "तेही घसरलं का?"

काकू बराच वेळ रजईची फुलं चाचपत होत्या. "पोरगं घाबरलं असेल गं," त्या म्हणाल्या. "घाबरून पळालं असेल. येईल परत. मी पडल्या पडल्या वाट बघत होते, आता झाकण उघडेल, आता उघडेल. या लोकांनी मला इथे आणलं तरी रोज विचारत होते, टिबी आला का? तळघर उघडलं का?"

"तो आला, काकू. फाटकाशी रडला. तळघर नाही उघडलं."

"त्या पोराला विमानात बसवणार आहेत म्हणतेस?"

"सोमवारी. तुमची शपथ पाळतोय म्हणून."

काकूंनी डोळे पुसले, आणि मग त्यांनीच अट घातली. टिबीला सांग मी जिवंत आहे. सगळ्यांना माझी दारू दे. तो माझ्या तब्येतीसाठी पेला लावून प्यायला, त्याला क्षणभर जरी आनंद झाला, तर मी पडले, असंच लिहायचं. मी काझिमिरच्या खोलीत लपून खिडकीतून बघते. झेनोवियाला ती अट वेडेपणाची वाटली होती. एवढ्या पुराव्यानंतर आईला अजून आशा! पण आईपुढे पोलिसांचं काय चालतं?

आता काकू टेबलाशी येऊन थांबल्या. त्यांनी विटेवरच्या त्या ओल्या ठिपक्याकडे पाहिलं. उन्हात तो वाळत चालला होता.

"आई," टिबेरिउ म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आई, सांग यांना. तू घसरलीस ना? सांग ना गं."

"बापाच्या नावाने सांडलास तेवढाच," काकू म्हणाल्या. "मला वाटलं होतं, माझ्यासाठी हात जरा तरी अडखळेल."

"आई..."

"मी खाली अंधारात पडले होते ना टिबी, तेव्हा वर तुझ्या पावलांचा आवाज येत होता. मी हाक मारली. आवाज फुटत नव्हता, पण मारली. मग ते कपाट घासत घासत आलं. मी मनाला सांगितलं, पोरगं वाट मोकळी करतंय, मला काढायला येतंय." त्यांनी बाटली उचलली, बूच लावलं, आणि ती शालीखाली धरली. "पिन्तिलिये, लिहून घेतोस ना?"

"हो, काकू."

"लिही. मी पडले नाही. मला ढकललं."

टिबेरिउ खाली बसला. पिन्तिलिये त्याच्याजवळ गेला, पण त्याला धरायची गरजच नव्हती. पर्वू फोन कानाला लावून, कुणाचा फोन आलेला नसतानाच, फाटकाबाहेर सटकला. कामेलिया पुढे झाली आणि गोड आवाजात म्हणाली, "साफ्ता काकू, काही लागलं तर सांगा हं, आम्ही आहोत."

"तुम्ही असता हो," काकू म्हणाल्या. "बाल्कनीत."

कुंपणावरचे बघे एकेक करून निघाले. उद्या बस होती, ऑफिस होतं, आणि कुणालाच काजीच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नव्हता. एकानेही त्याची माफी मागितली नाही. झेनोवियाला त्याचं नवल वाटलं नाही. तिने रिकामे पेले गोळा केले आणि फुटलेल्या काचा पायाने कडेला सारल्या.

काकू मुलाकडे पुन्हा वळल्या नाहीत. त्या काठी टेकत ओसरीच्या पायरीशी गेल्या आणि तिथे थांबल्या, कारण एकटीने चढणं अजून जमत नव्हतं.

"काझिमिर," त्यांनी हाक मारली, "इकडे ये, हात दे. आणि आत ते कपाट बाजूला कर. बुधवारपासून पिंप ढवळलं नाही, सगळा कोबी नासेल."

काजी धावत गेला. थोड्या वेळाने आतून कपाट घासत सरकल्याचा आवाज अंगणात आला. पिन्तिलियेच्या शेजारी बसलेल्या टिबेरिउने दोन्ही कान झाकून घेतले.